रानजाईच्या कपाळावरचं कुंकू

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. एकानंसुद्धा नाही! अख्ख्या युनिटला गरम जेवण घालणारी बाई मी, पण आळ आला तो माझ्यावरच. तरी त्या सिनेमाचे माझ्यावर उपकार आहेत. कसे, ते शेवटी सांगते. सिनेमावाल्यांच्यात राहिलं की किस्से उष्ट्या ताटांसारखे साचतात. एक घासून ठेवावं, तर मागे आणखी चार.

चाकणला एका बंद कंपनीच्या शेडमध्ये रानजाई देवीच्या सिनेमाचं शूटिंग होतं. देवी फायबरची, देऊळ प्लायवूडचं. स्वयंपाक माझा, वाढायला आमचे हे. यांचा उजवा हात कंपनीत प्रेसखाली गेला, अंगठा तेवढा उरला. तेव्हापासून घर माझ्या स्वयंपाकावर चालतं. त्याच रागात मी घरातले देव पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकले.  आणि दर मंगळवारी देवीला जाणारे हे, देऊळ दिसलं की रस्ता बदलायला लागले.

पहिल्याच दिवशी मी डायरेक्टर साहेबांना सांगितलं, "प्रसादाचा शिरा करीन. हात जोडणार नाही!"

*

देवी झालेली पोरगी वाकडची. मुकुट घालूनच मिसळ खायची. एकदा शेजारच्या कंपनीची शिफ्ट सुटली आणि कामगार रांग लावून तिच्या पाया पडायला लागले. एक जण म्हणाला, "आई, यंदा तरी पर्मनंट कर!"

तिच्या तोंडात पाव, हात आशीर्वादाला वर. "भाऊ, मीच कॉन्ट्रॅक्टवर आहे!"

*

साहेब उठता-बसता सांगायचे, "मावशी, मी देवबिव मानत नाही." एके दिवशी जनरेटर बंद पडला. मेकॅनिकनं हात टेकले. मी भांडी घेऊन शेडमागे गेले, तर साहेब गपचूप नारळ फोडताहेत!

मला बघून म्हणाले, "चटणीला लागेल म्हणून…"

म्हटलं, "मग रोज फोडा की! माझं खोबरं वाचेल."

जनरेटर चालू झाला. मेकॅनिक म्हणाला, वायर सुटली होती. साहेबांनी खोबऱ्याची वाटी माझ्या हातात कोंबली!

*

पुजाऱ्याचं काम अण्णा करायचे. सिनेमात त्यांचा लेक जातो आणि ते देवीशी भांडतात. सकाळपासून रडून झालं, साहेबांना पटेना. अण्णा ताट घेऊन माझ्यापाशी आले. "मावशी, देवीचा खरा राग कसा येतो हो?"

मी भाकरी थापत होते. थापता थापता बोलून गेले, "तुला नारळ दिले, उपास दिले. तू यांची बोटं घेतलीस. आता आणखी काय काढून देऊ? बोल ना, तोंड शिवलंय का तुझं?"

अण्णांनी बोटांच्या जागी लेक घातला, बाकी शब्द माझेच. कॅमेऱ्यापुढे बोलले, तर लाइटवाला डोळे पुसतोय. आमचे हे पाण्याचा जग तिथेच ठेवून बाहेर गेले. मी मागोमाग गेले.

"काय झालं हो?"

"काही नाही. बोललीस, बरं झालं."

*

पुढचा सीन ओसाड देवळाचा. देवीला वर्षानुवर्षं कोणी पुजलेलं नाही. सेटवाल्यांनी तिच्यावर धूळ उडवली, कोळिष्टकं लावली. सकाळी बघतात तर कपाळावर ताजं कुंकू, पायाशी जास्वंद! पुसलं, परत धूळ मारली. दुसऱ्या सकाळी परत तेच!

साहेब कडाडले, "मावशी, सगळ्यांच्या आधी शेडमध्ये तुम्हीच येता!"

"मी? मी हात जोडत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर लपून करता! लपून करणाऱ्याला मी बरोबर ओळखतो." आणि साहेबांनी जीभ चावली. पण माघार नाही. "उद्यापासून जेवणाला दुसरं कोणीतरी बघतो."

माझ्या अंगाचा भडका उडाला. तावातावानं देवीपाशी गेले. बाईमाणूस कुंकू लावतं ते करंगळीशेजारच्या बोटानं, छोटं, गोल. हे रुंद होतं. अंगठ्यानं ओढलेलं. म्हटलं, "हे माझ्या बोटाचं नाही!"

मी मागे वळले. हे नळावर पातेलं घासत होते, मान खाली घालून.

"मग कोण?" साहेब ओरडले. "नाव सांगा!"

यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, ते घेतलं. पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. साहेब, अण्णा, मुकुटवाली, सगळे माझ्याकडे बघत होते. या सिनेमानं यांना देवी परत दिली होती. मी आधी रानजाईला हात जोडले. मग अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं सांगितलं,

"दिनकर!"