गळ्यावर हात ठेवून

सिल्व्हर पार्कातल्या इंग्रजीच्या क्लासमध्ये बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला स्वतःचा गळा धरायला लावला. "गले पे हाथ रखो. पहले बोलो सिप, फिर झिप." जीभ तिथेच, दात तिथेच, हवाही तीच. पण दुसऱ्या वेळी तळहाताखाली गळा थरथरला आणि माझ्या अंगावर काटा आला. बेचाळीस वर्षं हे नवल गळ्यात घेऊन फिरतेय आणि मला पत्ता नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मला फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी हवी होती. चाचणीत दोनदा आपटले होते, तिसरी संधी शेवटची. घोडं अडत होतं 'झिरो'पाशी. आपल्या 'झाड' शब्दातल्या 'झ'ला जीभ वर टेकते आणि सुटते. इंग्रजीत ती टेकतच नाही, वारा नुसता घासत राहतो. माझी मेली टेकायचीच.

घरी ओट्यापाशी गळा धरून सराव चालायचा. आईला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, कानातलं मशीन तिला सोसत नाही. मला असं बघून ती मीठ-हळदीचं कोमट पाणी घेऊन आली.

"गळा दुखायलाय का गं?"

मी मानेनंच नाही म्हटलं. तिला पटलं नाही. तिनं तळवा माझ्या गळ्यावर टेकवला, तसा मी लांब 'झ' काढला.

"आगं बया, हे तर थरथरायलंय!"

मग मी 'स' म्हटला.

"आता गप झालं." तिचे डोळे एवढाले झाले. आम्ही पुन्हा करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. भाजी करपली.

त्या दिवसापासून आईच माझी मास्तरीण. एबीसीडी येत नाही, पण जीभ टेकली की हात न काढता म्हणायची, "तुटलं." दर वेळी खरं असायचं. कान शाबूत असून मला ते कळत नव्हतं आणि तिला तळहातानं कळत होतं. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' तर ती बघूनच ओळखायची: एकाला दात ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू. मी थक्क होऊन बघत राहायचे.

चाचणीच्या दिवशी फोन माझ्या कानाला आणि तिचा हात गळ्यावर होता. पलीकडच्यानं एक लांबलचक नंबर वाचायला लावला. त्यात तीन झिरो होते. आईनं तीनदा मान डोलावली.

आठवड्यानं नोकरी मिळाल्याचा फोन आला. मी आईला नेहमीसारखी खूण केली, कानाशी हात आणि अंगठा वर. तिनं माझ्या तोंडात साखर घातली, कडाकडा बोटं मोडली. मग म्हणाली, "आता दिवसभर लोकांशी बोलशील. घरी आल्यावर माझ्याशी बी बोलशील का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर तिचा हात माझ्या गळ्यावर होता आणि त्या हाताखाली मी तिच्याशी मराठीतलं एक वाक्यही बोलले नव्हते.