काळ्या मातीवरचा कोबा

दुष्काळ पडला की आमच्या गावाला बांधकामाचं वेड लागतं. शेतात काम नसतं, माणसं मोकळी असतात आणि काळी जमीन वाळून टणक झालेली असते. त्या टणकपणावर माझा काडीचा विश्वास नाही. पाणी लागलं की ती माती फुगते आणि वरचं सगळं उचलते.

अशाच एका वर्षी सहकारी दूध संस्थेत दूध थंड करायची टाकी येणार होती. तिच्या खोलीत काँक्रीटचा कोबा करायचा होता. चेअरमन माझे सासरे. माझा सिव्हिलचा डिप्लोमा लग्नापासून ट्रंकेत पडून होता. मी हट्टानं काम मागून घेतलं.

"कर. पण कोबा तडकला तर पुन्यांदा संस्थेच्या कारभारात तोंड घालायचं न्हाई," सासरे म्हणाले. मला भीती वाटली, पण राग त्याहून जास्त आला. मी हो म्हणाले.

आधी काळी माती काढून मुरूम भरला. मग सळईवरून जुंपली. सासऱ्यांना जाडजूड सळई हवी होती, तीही तळाला. जाड लोखंड दिसलं की आमच्याकडच्या पुरुषांना धीर येतो. मला बारीक सळईची दाट जाळी हवी होती, वरच्या अंगाला.

"सगळ्या स्लॅबाला सळई खालीच असती, पोरी!"

"मामा, स्लॅबखाली मोकळं असतं, तो खाली वाकतो. हितं माती खालून ढकलणार हाय. भाकर फुगली की फाटती कुठं?"

ते म्हणाले, "वर."

"मग लोखंड कुठं पायजे?"

ते नाही म्हणाले नाहीत, तेवढं मला पुरलं.

गवंडी म्हणाला, जाळी आत्ता खालीच टाकू, काँक्रीट पडलं की आकड्यानं वर ओढू. मी त्याला सरळ काम थांबवायला लावलं आणि जाळी आधीपासून वरच राहावी म्हणून तिच्याखाली सळई वाकवून केलेल्या आधाराच्या खुर्च्या बसवून घेतल्या. कोबा ओला तर ठेवायचा, पण टँकरचं पाणी जपून वापरायचं, म्हणून साखर कारखान्याची रिकामी पोती भिजवून कोब्यावर अंथरली.

पुढच्या पावसाळ्यात माती फुगली. शेजारच्या गावातल्या सोसायटीच्या गोदामाचा कोबा मधोमध उचलला. आमच्या खोलीत मी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून भेग शोधायची. एकही सापडली नाही.

त्या गोदामाची माणसं एक दिवस चेअरमनकडे विचारायला आली. मी आत दुधाचं माप घेत होते. बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

"मला कशाला इचारता? इंजिनेर आत हाय. तुमी बोला तिच्याशी, मी च्यापाण्याचं बघतो."