दोन सारख्या डिस्क आणि तुडीलचं लग्न

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी अजून कॉलेजातच आहे. आठवणी लिहायचं माझं वय नाही हे मला कळतं. तरी लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. घडलं ते फार मोठंही नाही. पण त्या दिवसांत ते सांगायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून मनातच राहून गेलं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. मी महाडला खोली घेऊन कॉम्प्युटर शिकतो आणि दुपारनंतर बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत काम करतो. मालकांना काका म्हणतो.

पावसाळा तोंडावर आला की महाडचे दुकानदार खालचा माल माळ्यावर चढवतात. पाणी कधी शिरेल याचा भरवसा नसतो. ज्यांना जमतं ते मोलाची वस्तू गावाबाहेरही ठेवतात. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर जे साठेल तेच आपोआप दुसरीवरही साठायचं, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. काका दर वर्षी मे महिन्यात त्यातली एक काढायचे आणि पोलादपूरला बहिणीकडे नेऊन ठेवायचे. गणपती झाले की परत आणायचे. मधले महिने कॉम्प्युटर सुरू होताना एक डिस्क सापडत नाही अशी तक्रार करायचा आणि काका एंटर दाबून पुढे जायचे.

यंदा डिस्क परत यायच्या आधीच कॉम्प्युटर बंद पडला. काकांनी नवा घेतला. पोलादपूरची डिस्क आणली, जुन्या कॉम्प्युटरमधली काढली, दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाले, "लाव दोन्ही. विकणारा म्हणाला, जोडी आपोआप जमते."

"काका, यातली पोलादपूरची कुठली?"

त्यांनी दोन्ही उलटसुलट करून बघितल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकदम घेतलेल्या. दोन्हींवर मागच्या दसऱ्याचं हळदकुंकू.

"अरे, दोन्हीत तेच आहे ना? मग कुठली का असेना."

"मेपर्यंतचं तेच आहे. त्यानंतरचं एकीतच आहे. एकदम लावल्या आणि या नव्या कॉम्प्युटरने शिळी डिस्क खरी धरली, तर तिच्यावरचं ताजीवर उतरवेल. नंतरचं सगळं पुसलं जाईल."

मी हे फळ्यावर शिकलो होतो, हाताने कधी केलं नव्हतं.

काका खुर्चीत बसले. "तुडीलचं लग्न," ते म्हणाले.

तुडील गावातल्या त्या लग्नाचं शूटिंग आमच्या स्टुडिओने मेच्या शेवटी केलं होतं, डिस्क पोलादपूरला गेल्यावर. पुढे पावसात नवरीचे वडील वारले. त्यांची बायको, मी त्यांना मावशी म्हणतो, गणपतीआधी स्टुडिओत येऊन गेल्या होत्या.

"आधारवरचा फोटो मोठा करून लावलाय भिंतीला," आधारकार्ड दाखवत त्या म्हणाल्या होत्या. "पण ते तसे नव्हते रे. कुणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. लग्नाच्या शूटिंगमदी असतील ना कुठंतरी?"

"असतील की," काका म्हणाले होते.

"फोटोला नाय उभे राह्यले. बोलावलं तर म्हनाले, माझं काय काम तिथं, नवरानवरीचं काढा."

आता ते असले तर त्या दोन डिस्कपैकी एकीवरच होते.

मी काकांकडून एक नवी, कोरी डिस्क मागवली. जुनी एकच लावायची, तिच्यावर काही लिहायचं नाही, सगळं कोऱ्या डिस्कवर उतरवायचं, मग बंद करून दुसरी लावायची, असं ठरवलं. पहिलीत तुडीलचं लग्न नव्हतं. काका बाहेर जाऊन उभे राहिले. मी तिच्यावर 'पोलादपूर' अशी चिठ्ठी चिकटवली.

दुसरीत लग्न होतं. पण पाठवणीची फाईल उतरता उतरता अडकली. पुन्हा केली, पुन्हा अडकली. डिस्क हाताला गरम लागत होती. पंख्याखाली ठेवून गार होऊ दिली, मग थोडं थोडं उतरवलं. शेवटचा भाग काही केल्या आला नाही.

गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले होते. माझ्या खोलीतला मित्र गावाहून आलाच नव्हता. घरी फोन लावला.

"आये, एका बाईंच्या मुलीच्या लग्नाचं काम करतोय."

"कुनाचं लगीन? जेवलास का?"

"जेवलो. लग्न झालंय गो. ते उतरवतोय."

"उतरवून घे मग. डोळं नको दुखवूस."

फोन ठेवून मी परत कॉम्प्युटरसमोर बसलो.

मग मी ते अनोळखी लग्न सुरुवातीपासून बघितलं, कुठे तुटलंय का ते तपासायला. मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. फेटा बांधलेला कुणी म्हातारासा माणूस दिसला की व्हिडिओ थांबवायचो. आधारच्या फोटोशी मनात जुळवायचो. एकही जुळला नाही. एवढ्या गर्दीत मी एका माणसाला शोधत होतो आणि त्यातलं मला कुणीच ओळखत नव्हतं.

"बेकार तुकडे काढून टाक," काका म्हणाले. "पाठ दिसते, मांडवाचा खांब दिसतो, ते कशाला द्यायचं?"

"काका, आपल्याला काय माहीत बेकार कुठलं?"

ते हसले. "दे बाबा, खांबासकट दे."

दोन्ही जुन्या डिस्क तशाच बाजूला ठेवल्या आणि सगळं पेन ड्राइव्हमध्ये भरून मी एसटीने तुडीलला गेलो. मावशींच्या टीव्हीला ते लागेना. मुलगी पनवेलला असते, तिच्याकडे लॅपटॉप आहे, जाईन तेव्हा नेते, म्हणाल्या. शेवट आला नाही हे मी सांगितलं. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पेन ड्राइव्ह पदरात बांधला.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. फोन करून विचारायला मला जमेना. त्या अडकलेल्या शेवटातच ते असतील तर काय, हे सारखं मनात यायचं. वर्गातही मन लागत नव्हतं. स्टुडिओत फोन वाजला की काका आधी माझ्याकडे बघायचे.

नवरात्र बसायच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे लग्नाच्या वरातीत गाडीवर वाजवतात तसा बेंजो वाजत होता.

"पोरा, मी तुडीलची. पनवेलास्नं बोलतेय. ऐक, ऐक जरा."

बेंजो मधेच थांबला आणि तिकडे लावलेल्या शूटिंगमधून एक चिडलेला, घोगरा आवाज आला: "पोरगी अजून गाडीत बसली नाय आन् तू बंद करतोस व्हय? वाजव!"

"हेच ते," मावशी म्हणाल्या. "पाठमोरे हायत, खांबाला धरून. पन हेच ते."