जिंकल्या दिवशी वाटलेली पत्रकं

आपली फौज जिंकली, की "युद्ध थांबवा" म्हणणारा माणूस आपल्याला एकदम परका का वाटू लागतो? कॉफीच्या हिरव्या बिया तव्यावर भाजल्याचा वास आला, की मला आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातली २०२१ ची ती दुपार आठवते. माझ्या कारखान्यातली इथिओपियन मैत्रीण आणि तिच्या प्रांतातली माणसं बागेत कॉफी भाजत जमली होती. तिकडे सरकारविरुद्ध त्यांच्या प्रांताची यादवी पेटलेली, तिची आई तिथेच अडकलेली आणि फोन कित्येक महिने बंद. शस्त्रसंधी मागणारी पत्रकं आम्ही दोघींनी छापून आणली होती. तेवढ्यात बातमी आली, प्रांताच्या फौजेने तिथलं मुख्य शहर सरकारकडून परत घेतलं. बायकांनी जीभ नाचवत अशा किलकाऱ्या मारल्या की माझ्या अंगावर काटा आला. मीही झेंडा धरून बेभान नाचले. मैत्रिणीचा भाऊ पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघून हसला, "ठेव ती पिशवीत. आता कसली शस्त्रसंधी, आता थेट राजधानी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी यानेच त्या मजकुरातल्या चुका सुधारल्या होत्या. मैत्रीण नाचता नाचता थांबली. "आईचा फोन लागला का रे?" त्याने नकारार्थी मान हलवली. "मग आजच वाटायची. हरत होतो तेव्हा कुणी विचारलं नाही, आज जिंकलोय तर आपलं ऐकून घेतील." तिने पहिलं पत्रक त्याच्याच हातात दिलं. त्याने ते घेतलं, मग अर्धा गठ्ठा उचलून तो गर्दीत शिरला. आजही विजयाची बातमी आली की माझं रक्त उसळतं. तुमचंही उसळू द्या. पण त्याच दिवशी, जिथे नाचाल त्याच चौकात, शस्त्रसंधीच्या मागणीखाली सही करा.