भिंतीतलं भोक

आभाळ भरून आलं की मला घरात बसवत नाही. छत्री घेऊन मी खाली उतरतो, सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी जातो, तिथलं भोक तुंबलेलं नाही ना ते बघतो. बायको म्हणते, "आता रखवालदाराचा पगारही मागा."

आमची सोसायटी कात्रजच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. मी कॉलेजात वीस वर्षं चिनी तत्त्वज्ञान शिकवलं. ताओ विचारात पाण्याला फार मान आहे. पाणी सखल जागा शोधतं, म्हणून ते थोर. आपल्याला कळत नाही हे कळणं, हेच शहाणपण. हे मी इतक्या वेळा सांगितलं, की झोपेतसुद्धा सांगेन.

मी सोसायटीचा अध्यक्ष असताना मागची कुंपणभिंत बांधायला काढली. भिंतीपलीकडे, चढाच्या बाजूला, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर आणि गोठा होता. आमची जमीन एकेकाळी त्याचीच. पाया खणायच्या आधीच तो मला भिंतीच्या जागेवरच्या एका कोपऱ्यात घेऊन गेला. आदल्या दिवशी सर पडून गेली होती. सगळीकडची माती वाळलेली, तिथे मात्र ओल्या मातीचा पट्टा थेट आमच्या जागेत उतरलेला. मी तो डोळ्यांनी पाहिला, आणि पाण्याची वाट इथूनच आहे हे मला तेव्हाच कळलं.

सभेत तो दाराशी उभा राहून म्हणाला, "सर, हितं वढा हाय. बुजवलाय, पर पानी येतंय. भितीला खालनं वाट ठेवा."

मी नकाशा उघडून पुढे केला. "आजोबा, ओढा कुठंय तेवढं बोट ठेवून दाखवा. लगेच वाट ठेवतो."

सभा खो खो हसली. मलाही माझा टोला आवडला. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. ओल्या पट्ट्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. भिंत सलग बांधली.

दुसऱ्याच पावसाळ्यात एका दुपारी टेकडीवरून लोंढा आला आणि भिंतीला अडून पलीकडेच तुंबला. म्हातारा दूध घालायला डेअरीवर गेला होता. आमच्याकडे एक कुंडीही हलली नाही. त्याच्या गोठ्यात दाव्याला बांधलेलं रेडकू बुडून मेलं.

संध्याकाळी मी गेलो. तो गोठ्यातला चिखल फावड्याने ओढत होता. म्हैस सारखी रेकत होती. काय बोलायचं ते मी वाटभर जुळवलं होतं, पण त्याच्यापुढे नुसती छत्री उघडत-मिटत राहिलो. शेवटी त्यालाच माझी दया आली.

"जाऊ द्या सर. तुमी शिकल्याली मानसं, तुमास्नी वढ्याचं काय ठावं असनार?"

मी मान डोलावली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

आठवड्यात भिंतीला भोक पाडून घेतलं. तेव्हापासून मी आभाळ भरलं की खाली जातो, पालापाचोळा, पिशव्या उपसतो. पलीकडून म्हातारा बघतो. परवा म्हणाला, "सर, लई काळजी करताय."

मला सांगायचं होतं, तो पट्टा पाहिला तेव्हाच मला ओढा कळला होता. वीस वर्षं वर्गात बोलताना कधी अडखळलो नाही. त्याच्यापुढे मी खाली वाकलो आणि पुन्हा पाला उपसायला लागलो. भोक मघाशीच साफ झालं होतं.