तिन्हीसांजेची शिट्टी

आमचा जनार्दन एक नंबरचा हट्टी. गाव गुहागरकडे, पण इथे ओमानात, इब्रीबाहेर एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मळ्यावर कुत्रे सांभाळतो. माझं किराणा दुकान त्याच वाटेवर आहे. मी दाभोळचा, तेव्हा रोज भांडायला हक्काचं माणूस मिळालं.

गेल्या वर्षी अर्बाबने बर्क नावाचं सलूकी जातीचं पिल्लू आणलं. नुसते पाय आणि कान! हिवाळ्यातल्या पहिल्या शिकारीसाठी त्याला तयार करायचं होतं. ससाण्याने पाडलेला पक्षी झुडपात हुडकायचा, दात न लावता राखायचा आणि हाक आली की मागे फिरायचं. जनार्दन दोरीला कबुतराची पिसं बांधून त्याला पळवायचा. पायात काटे गेले की मांडीवर घेऊन काढायचा. लेकीचं, उर्वीचं, लग्न झाल्यापासून घरून फोन कमी येत होते. सगळी माया त्या कुत्र्यावर.

एक गोष्ट मात्र त्याने स्वतःच्या मनाची केली. इथे कुत्र्याला शिट्टी घालून बोलावतात. उन्हामुळे सराव संध्याकाळी चालायचा, आणि जनार्दनला आईने लहानपणीच बजावलं होतं, तिन्हीसांजेला शिट्टी घालू नये, मेलेली माघारी येतात. म्हणून हा स्टीलच्या ताटावर पळी बडवायचा. बर्क असेल तिथून धावत यायचा.

"अरे, शिट्टी शिकव त्याला. शिकारीत ताट कोण बडवणार?" मी म्हटलं.

"मीच की, यूनुसभाय! मला सोडून तो जाणाराय कुठे?"

शिकार सीमेपलीकडे होती. ऐनवेळी जनार्दनचा व्हिसा झाला नाही. त्याने ताट नि पळी अर्बाबच्या मुलाच्या, हमदच्या हातात दिली. हमद हसला. "जनार्दन, हम शिकार को जाता, होटल खोलने नहीं," म्हणाला, आणि ताट फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवून निघून गेला. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

गाड्या परतल्या त्या बर्कशिवाय. पहिला पक्षी त्याने झकास राखला, हमद रडत सांगत होता. दुसऱ्याच्या मागे तो हमरस्त्याकडे सुटला. ट्रक येताना दिसला. हमदने जीव तोडून शिट्ट्या घातल्या. बर्कने कान टवकारले, पण थांबला नाही.

जनार्दनने कट्ट्यावरचं ताट उचललं.

"शिट्टी शिकवली असती तर थांबला असता ना, यूनुसभाय?"

"नशीब असतं एकेकाचं," मी म्हटलं. खोटंच बोललो. थांबला असता.

परवा मगरिबच्या नमाजानंतर मळ्यावर गेलो, तर जनार्दन कुंपणाशी उभा राहून शिट्टी घालत होता. धड जमत नव्हती, नुसती हवाच जात होती.

"अरे, तिन्हीसांज झालीय," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणूनच घालतोय."