विजयमालाच्या बाळंतपणाच्या अटी

सिरसाळ्यात विजयमालाचं ब्युटी पार्लर आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका तिथं भुवया कोरून घ्यायला येतात आणि जाताना गावभराच्या बातम्या घेऊन जातात. दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर विजयमालानं एका गिऱ्हाइकाच्या भुवईवर दोरा धरूनच जाहीर केलं, "या बारीला म्या घरीच बाळंत होणार. दवाखान्याचं तोंड बघणार न्हाई."

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

तिला कारणही तसंच होतं. पहिल्या खेपेला कळा सोसेनात म्हणून ती किंचाळली, तेव्हा दवाखान्यातली एक बाई म्हणाली होती, "आता कावून बोंबलतीस? तवा बरी गप होतीस!" खोलीतल्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. पोरगी झाली, टाके पडले, भरूनही आले. ते बोलणं मात्र भरून आलं नाही.

सासू केशरबाई उंबऱ्यातच बसली होती. पाच लेकरं ह्याच घरात जन्माला घातलेली बाई. ती तरी आपली बाजू घेईल, असं विजयमालाला वाटलं.

"आत्या, तुमी पाच येळा घरी बाळंत झालात. मला एकदा होऊ द्या की."

"मला काय हौस आलती का गं?" केशरबाई कडाडली. "तवा दवाखाना होता का जवळ? माझी धाकटी जाऊ ह्याच खोलीत बाळंत झाली. लेकरू रडलं, ती न्हाई उठली. माझ्या लेकराच्या जोडीनं म्या तिचंबी पाजलं."

 विजयमाला आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवत बसली.

दुसऱ्या दिवशी गरोदर बायांची नोंद ठेवणारी गावची आशाताई, सत्यशीला आली. "गाडी कुणाची, सोबत कोण, रक्त लागलं तर कोण देणार, सगळं आत्ताच ठरवून ठेवा," ती म्हणाली.

"जाते दवाखान्यात. पण माझ्याबी अटी लिवून घ्या. मला कुणी वंगाळ बोललं, तर म्या उठून घरी येणार. लेकरू अर्ध्या वाटेत असलं तरी."

सत्यशीलानं मान खाली घालून हसू दाबलं आणि लिहिलं.

"आत माझ्यासंगं आत्या पाहिजेत. त्यांच्या तोंडाला अख्खं सिरसाळं भितंय."

केशरबाईला हा मोठाच मान वाटला. तिनं पदर सावरला.

"आन् म्या?" नवरा राधाकिशननं विचारलं.

"तुमी भाईर. सुई बघितली की पडता."

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, एका नवरीचं फेशियल चालू असताना. नवरी तोंडाला अर्धा लेप घेऊन रस्त्यापर्यंत गाडीमागं पळाली. परळीच्या रस्त्यावर वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिपरांची रांग लागलेली. राधाकिशन खाली उतरला, एकेका डायव्हरला "सरक बे, लेकरू यायलंय!" असं ओरडत त्यानं वाट काढली.

दवाखान्यात शिरताच केशरबाईनं सिस्टरवर बोट रोखलं. "माझ्या सुनेला वाकडं बोललीस तर बघ!"

"आजी, मी अजून तोंडच उघडलं नाही," सिस्टर म्हणाली. विजयमालाला ती म्हणाली, "ओरडायचं तर खुशाल ओरडा, ताई."

मग विजयमालानं पहिल्या बाळंतपणाचीही उरलेली बाकी काढली. नवऱ्याला, त्याच्या खानदानाला, राखेच्या टिपरांना, कुणालाच सोडलं नाही. सिस्टर नुसती "हां, असंच, जोर लावा" म्हणत राहिली.

बाळाचं डोकं दिसलं आणि तेवढ्यात "अगं बया!" म्हणून केशरबाई आडवी झाली.

"आजी पडल्या, कुणीतरी उचला!" सिस्टर ओरडली. आई पडल्याचं ऐकून बाहेर थांबलेला राधाकिशन दार ढकलून आत आला. तो वाकला तोच विजयमालानं त्याची कॉलर पकडली.

"तुम्हाला इथं परवानगी नाही!" सिस्टर त्याला म्हणाली.

"मग हिला सोडाय सांगा की!"

कॉलर सुटली ती पोरगी रडल्यावरच. तिच्याहून मोठ्यांदा राधाकिशन रडत होता, आणि पडला मात्र नव्हता. विजयमालानं त्याच्याकडं बघितलं. एवढ्या शिव्या देऊनही हा माणूस जागचा हलला नव्हता. तिला हसू आलं, पण अंग इतकं ठणकत होतं की हसवेना.

संध्याकाळी हाताला सलाईनची पट्टी चिकटवलेली केशरबाई हळूहळू खाटेशी आली. तिनं नातीचं दुपटं सारखं केलं.

"पाच येळा डोळे गच्च मिटून घेतलते गं म्या," ती म्हणाली. "लेकरू येताना कसं दिसतंय ते आज पयल्यांदा बघितलं."

"मग, कसं दिसतंय?"

"लई भ्या वाटलं."

विजयमाला थोडी सरकली आणि तिनं सासूला खाटेवर जागा करून दिली.